भाचीला आणायला गेलो, अमोनिया बघून आलो

"पोरले लई ये. गॅसनं काम नको," ताईने पोरीला घरी आणायचं फर्मान सोडलं. तिची लेक रोहिणी दिंडोरीजवळच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन ऑपरेटर आहे, आणि तिथे अमोनिया असतो हे ताईला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितलं होतं. मला काय, फिरायला निमित्तच हवं होतं. गाडी काढली.

सटाण्याहून जाणार असाल तर कळवण, नांदुरी, वणी असा रस्ता धरा. नांदुरीला देवीच्या गडावर जाणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून सकाळीच निघा. वणीत ऐंशी रुपयांत मिसळ खाल्ली. तर्री मागाल तेवढी, पण घाम पुसायला रुमाल आपला. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांनी द्राक्षबागा.

रोहिणी गेटवर भेटली. हेल्मेट, बूट, गळ्यात मास्क. मी घरी जाण्याचा विषय काढला, तर तिने मला मशीनरूमकडेच वळवलं.

"नायट्रोजन आणि हायड्रोजन प्रचंड दाबाखाली, तापलेल्या लोखंडावरून नेले की अमोनिया बनतो, मामा. बराचसा युरियात जातो, थोडा आमच्याकडे येतो. दाबून पातळ केलेला अमोनिया पाइपात पुन्हा वायू होताना खोलीतली उष्णता ओढून घेतो."

म्हणजे वेलीला खत त्याचं आणि घडाला गारवाही त्याचाच! मी खूश झालो. नाकाला मात्र झिणझिण्या आल्या.

दसऱ्याला मशीनची पूजा करून मालकांच्या आईने एका व्हॉल्व्हला पितळी घंटा बांधली होती. देवाची वस्तू, म्हणून कोणी हात लावत नव्हतं. रोहिणी घंटेकडे बघून थबकली. घंटेची व्हॉल्व्हकडची बाजू निळसर हिरवी पडली होती.

"पितळेत तांबं असतं. अमोनिया त्याला सोडत नाही," ती म्हणाली आणि तिने सगळ्यांना बाहेर काढलं.

मालक अण्णा धावत आले. "अगं, थोडा वास असतोच की! कंटेनर उभा हे, माल भरू दे आधी."

"आधी व्हॉल्व्ह, अण्णा. माणसं आत जाणार नाहीत."

आवाज चढला नव्हता, पण अण्णा बाजूला झाले. तिने मास्क चढवला, गंधकाची वात पेटवून व्हॉल्व्हजवळ नेली. अमोनिया भेटताच तिचा पांढराशुभ्र धूर उठला. गळती तिथेच होती. तिने व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग आवळलं, पुन्हा वात फिरवली. धूर नाही. मगच हमाल आत गेले. दारातून बघताना माझी छाती अभिमानाने फुगली होती, खोटं कशाला बोलू?

अण्णांनी स्वतः घंटा सोडली आणि हमालांना बजावलं, "इथून पुढं मॅडम म्हणतील तसं. माझं नाय ऐकलं तरी चालंल."

घरी चल, हे शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघाले नाहीत.

सटाण्यात ताई ओट्यावरच उभी होती. गाडीत द्राक्षांची पेटी, शेजारची सीट रिकामी.

"पोर कोठे शे?"

"कामावर आहे," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. ताईने मग पदराने डोळे टिपले, पेटी उचलली आणि शेजारणीच्या दारात जाऊन मोठ्याने म्हणाली, "द्राक्षं खा वं. मनी पोरनी राखेल शेतस." पोरीने राखलीत म्हणे!