गिरणी बंद करून

आमच्या गल्लीतले गिरणीवाले गिटार तयार करतात, हे मला चिमट्यांवरून कळलं. त्यांचे वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं रस्त्यावर आले होते, कारण घरातले सगळे चिमटे गिटारच्या कडांना लावले होते. "गोंद वाळस्तवर पायजेतच की, वैनी!" ते ओरडून म्हणाले. गिरणीच्या सवयीनं त्यांना हळू बोलताच येत नाही.

शिकवायला कुणी नाही. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे, त्याच्या पानोपानी पीठ. दळण चालू असताना ते बोटानं ओळ धरून वाचतात. लाकूड दिसलं की टिचकी मारून कान लावतात. माझ्या पोळपाटालाही मारून झाली. "पुस्तकात लिवलंय, घुमाय पायजे. किती घुमाय पायजे, ते कोण सांगणार?" असली गिटार त्यांनी जवळ बसून कधी ऐकलेलीच नाही.

परवा तारा चढल्या. गिऱ्हाइकं थांबलेली असताना त्यांनी गिरणी बंद केली आणि गिटार माझ्या हातात दिली. मला वाजवता येत नाही म्हटलं, तर म्हणाले, "मला तरी कुठं येतंय!" चांगल्या गिटारचा आवाज लांब जातो, असं पुस्तकात आहे म्हणे, म्हणून ते रस्त्यापलीकडं जाऊन उभे राहिले.

मी तारांवरून अंगठा फिरवला. नेमका तेव्हाच उसाचा ट्रॅक्टर मधून गेला, मोठ्यानं गाणी लावून. तो गेल्यावर बघते तर गिरणीवाले तसेच उभे, कानामागं हात धरून, डोळे मिटून.

मग रस्ता ओलांडून आले. "ऐकू आलं की, वैनी," म्हणाले.

गिरणी बंदच होती, तरी मला त्यांचं बोलणं जेमतेम ऐकू आलं.