अरालीची बक्षिसाची वेल

रुसोके अरालीने जन्मात एक झाड लावलं नाही, पण झाडांवर तो जेवढं बोलला तेवढं आमच्या चहाच्या मळ्यातले मुकादमही बोलले नसतील. फोर्ट पोर्टलच्या एका कचेरीत तीस वर्षं शिक्के मारून तो निवृत्त झाला आणि घरी येऊन अंगणाचा साहेब झाला. मी शेजारीण. मधे नुसतं कुंपण, त्यामुळे त्याची सगळी साहेबी मला फुकट ऐकू यायची.

वेल खरी त्याच्या बायकोची, आब्वोलीची. नारिंगी फुलं, मधोमध काळाभोर डोळा. आमच्याकडे ती बांधाबांधावर आपसूक उगवते. आब्वोलीने शेंगा तडकायच्या आत बी गोळा केलं, रात्रभर भिजवून पेरलं, न्हाणीभोवती निलगिरीचे वासे रोवले आणि केळीच्या सोपटाने एकेक कोंब बांधत वर चढवला. अराली खुर्चीतून म्हणायचा, "गुरांचा चारा कसला वाढवतेस? लोक हसतील." वर्षभरात न्हाणी फुलांखाली दिसेनाशी झाली.

मग चर्चच्या महिला मंडळाने बागांची स्पर्धा ठेवली. अरालीने गुपचूप स्वतःचं नाव दिलं.

पाहायला तीन बाया आल्या. हा भर दुपारी कोट घालून उभा.

"बी कधी पेरलंत?" त्यांच्यातल्या मोठ्या बाईंनी विचारलं.

"बी? छे! कलमं मागवली, थेट कंपालाहून. परदेशी जात आहे."

"अहो, माझ्या रताळ्यांच्या बांधावर हीच आहे की!"

"ती रानटी, ताई. ही सुधारलेली."

आब्वोली चहा घेऊन आली होती. बाईंनी तिला विचारलं, "छाटता कधी हो?"

"पाऊस ओसरला की. पेराच्या जरा वर."

"मीच शिकवलंय तिला," अराली म्हणाला. बाया कपात बघत हसल्या. पण मांडव सुंदर होता, त्याला कोण काय करणार? पहिलं बक्षीस, एक हातगाडी, अरालीला मिळालं. ती त्याने भर बाजारातून रिकामी ढकलत आणली, तीही लांबच्या रस्त्याने.

मी चिमूटभर बी मागितलं, तर म्हणतो कसा, "अकिकी, बक्षिसाची जात आहे ही. अशी कुणालाही वाटून कशी चालेल?"

"अराली, तुमचं तोंडही बक्षिसाचंच आहे," मी म्हटलं. तो खूश झाला. एवढी त्याची अक्कल.

पुढे आब्वोली माहेरी मयताला गेली, तेव्हा याने पहिल्यांदा बागेला हात लावला. वाळवी लागू नये म्हणून गॅरेजमधलं जळकं ऑइल आणून वाशांना फासलं आणि उरलेला डबा मुळाशी ओतला. "आता शंभर वर्षं बघायला नको," मला ऐकवलंही. चौथ्या दिवशी ती परतली तेव्हा पानं काळी पडून लोंबत होती. मातीला गॅरेजचा वास येत होता.

"हे काय केलंत?"

"तुझ्या साबणाच्या पाण्याने मेली ती. शंभरदा सांगितलं होतं."

आमच्या तोरो मुलखात नवऱ्याला 'अराली'सारख्या लाडनावानेच हाक मारायची. नुसतं जन्मनाव घेणं म्हणजे तोंडावर दार लावणं. आब्वोली शांतपणे म्हणाली, "रुसोके, बी माझं होतं, हात माझे होते. तू नुसता खुर्चीत होतास."

त्या रविवारी चर्चबाहेर तिने पदराच्या गाठीतलं सगळं बी वाटून टाकलं. मलाही ओंजळभर मिळालं. अराली बाजूला उभा राहून प्रत्येकीला सांगत होता, "जात माझी आहे हं." कुणी मान वर केली नाही.

घरच्या मांडवाला तिने पुन्हा हात लावला नाही. अरालीने बाजारातून प्लास्टिकची वेल आणून त्या तेलकट वाशांना खिळ्यांनी ठोकली. उन्हाळ्यात रस्त्याची धूळ बसते, तेव्हा तो ओल्या फडक्याने एकेक पान पुसत असतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून विचारतो, "कशी वाटते?"

"छान आहे," लोक म्हणतात आणि पाय उचलतात.