मिरजोळ्याला जाणाऱ्या जुन्या सायकली

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं रोज एकाच चढावर सायकली ढकलू लागली की ते आपोआप साठतात.

ऐंशीच्या दशकात मी मिरजोळ्याला विजेची बटणं बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो. पहिल्या पाळीला सोयीची एसटी नव्हती आणि नवी सायकल परवडणारे थोडे. कोणी जुनी सायकल विकतंय असं कळलं, की अर्धं खातं ती बघायला जायचं.

* * *

लेथवरच्या साळवीसाठी आम्ही असेच एका बागायतदाराकडे गेलो. मी आधी पोचलो, नुकतीच घेतलेली माझी सायकल काजूच्या झाडाला टेकवली आणि पाणी प्यायला आत गेलो. बाहेर येतो तो साळवी आणि मंडळी काजूखालच्या सायकलीभोवती.

"चाक डुगतंय."

"ब्रेक तर नावालाच."

"फुकट दिली तरी नको!"

बागायतदार शांतपणे म्हणाले, "ती तुमच्या मित्राची. माझी पडवीत आहे."

साळवीने पडवीतली न बघताच घेतली.

* * *

स्टोअरमधल्या केळकरांनी एका निवृत्त पोस्टमनची सायकल घेतली. वाटेतल्या वाडीच्या वळणावर त्यांनी घंटी वाजवली, की एक म्हातारी कुंपणाशी यायची. तिचा मुलगा मुंबईला.

"कागद आलाय काय रे?"

"नाही आजी, मी कारखान्यातला."

हे रोजचंच. शेवटी आम्ही म्हटलं, घंटी बदला. त्यांनी बदलली. पण आठवड्याच्या आत जुनी घंटी परत सायकलीवर!

"का हो?"

"अरे, आजी बाहेर येईना. बरी आहे ना, ते मलाच उतरून बघावं लागायचं."

* * *

मयेकर बुटका आणि मिळालेली सायकल उंच. चढायला-उतरायला त्याला बांध लागायचा. गेटपाशी बांध नव्हता, म्हणून तो पुढच्या दगडी गडग्यापर्यंत जायचा आणि चालत मागे येईपर्यंत भोंगा व्हायचा.

आमचा वॉचमन भलता कडक. एक दिवस त्यानेच गेटपाशी जांभ्या दगडाचा एक चिरा आणून ठेवला. म्हणाला, "उशीर झाला तर गेट लावणं माझं काम. पण उतरता येत नाही म्हणून कोणाचा खाडा पडू नये."

* * *

नवरा गेल्यावर सुनंदा पॅकिंगला लागली. लहान मूल सासूजवळ ठेवून चालत यायची, घरी पोचेपर्यंत अंधार. एका निवृत्त गुरुजींकडे लेडीज सायकल आहे असं कळलं, म्हणून मी तिला घेऊन गेलो.

सायकल तेलपाणी करून लख्ख ठेवलेली.

"मुलीची," गुरुजी म्हणाले. "ती आता नाही." आलेल्या प्रत्येकाला त्यांनी काही ना काही कारण सांगून परत पाठवलं होतं, हे मी ऐकून होतो. "चालवून दाखवा."

सुनंदा खाली बघून म्हणाली, "मला येत नाही."

गुरुजी म्हणाले, "उद्या संध्याकाळी या."

रोज संध्याकाळी घरामागच्या सपाट कातळावर ते सीट धरून तिच्यामागे धावायचे. एक दिवस त्यांनी हात सोडला. सुनंदा लांबवर गेली, सफाईने वळली आणि परत आली. गुरुजी तिथेच उभे होते, हात सीट धरल्यासारखा पुढे.

"जमलं, गुरुजी. आता सायकल नेऊ ना घरी?"

"न्या. पण उद्या या. वळण अजून कच्चं आहे."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर सुनंदा सायकलवरून कातळावर गेली. गुरुजी येऊन थांबले होते. ती उतरली आणि म्हणाली, "धरा सीट."