मोर्णेच्या पुलावरचा हार

धावता धावता हसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे पळताना कसे दिसतात, ठाऊक आहे ना? जबडा आवळलेला, डोळे बाहेर आलेले, जणू मागे कुणी कुत्रं सोडलंय. आमचे जवाईबापू मात्र अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत पळत जाऊन परत आले, तरी लग्नाच्या पंगतीतून उठून आल्यासारखे दिसत. अंग घामानं निथळतंय, छाती भात्यासारखी हलतेय आणि तोंडभर हसू. त्या हसण्याचा मला इतका राग यायचा, की काय सांगू!

जावई ते आमच्या घरचे, माझ्या थोरल्या बहिणीचे, शांताताईचे यजमान. पण अमरावतीला आमच्या गल्लीत शिरले की पानवाल्यापासून शिंप्यापर्यंत जो तो "या जवाईबापू!" म्हणून उठून उभा राहायचा. मी याच गल्लीत जन्मलो, इथंच गुडघे फोडून मोठा झालो. मला कुणी "ये, बस" म्हटल्याचं आठवत नाही. माझ्याशी बोलायचं ते एवढंच, "काय रे, जवाईबापू कधी येऊन राहिले?"

ते मूळचे मोर्शीकडचे. आईवडील लहानपणीच गेलेले. मामाच्या संत्र्याच्या बागेत वाढले, शिकले आणि अकोल्याच्या एका शाळेत ड्रिल मास्तर झाले. बिऱ्हाड मोर्णेपलीकडे, जुन्या शहरात. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की सायकलवर टांग मारून निघायचे ते थेट आमच्या दारात. आल्या आल्या आई साय राखून ठेवलेलं दूध पुढे करी. ती साय आधी माझी होती, हे मी मुद्दाम नमूद करतो.

आता शर्यतीचं सांगितलं पाहिजे. त्या काळी आमच्या व्यायामशाळेची थंडीत एक मोठी शर्यत व्हायची. आम्ही तिला नुसतं 'तिहेरी' म्हणायचो. सकाळी वडाळीच्या तलावात पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याची वेस गाठायची, तिथं सायकल टाकायची आणि पळत सुटायचं. मोर्णेचा पूल ओलांडला की त्या टोकाला शेवट. पहिल्या येणाऱ्याला पटका बांधत. मला पटक्याचं काही नव्हतं. मला बाबांच्या तोंडून चार लोकांत, मोठ्यानं, एक 'शाब्बास' ऐकायची होती. त्या एका शब्दासाठी मी कळायला लागल्यापासून दंड काढत होतो.

बाबा जिनिंग फॅक्टरीत फिटर. यंत्र नीट चाललंय तोवर त्याबद्दल बोलायचं नाही, बिघडलं की मात्र सोडायचं नाही, हा त्यांचा कायदा, आणि पोरांनाही तोच लागू. ताईच्या लग्नाआधीच्या थंडीत मी पहिल्यांदा तिहेरीत उतरलो आणि मूर्तिजापूरजवळ माझ्या दोन्ही पायांत असे गोळे आले, की सायकलसकट रस्त्याच्या कडेला पडलो. एका भल्या माणसानं मला कापसाच्या गाडीत घालून घरी पोचवलं. कापसावर आडवा पडलेला मी, शेजारी सायकल, आणि गल्लीतली झाडून सगळी माणसं ओट्यावर! मी त्या गाडीत असताना बाबा तिकडे अकोल्याला पुलावर माझी वाट पाहत उभे होते. मी काही आलो नाही. आला तो एक हसरा, धिप्पाड, सावळा गडी, सगळ्यांच्या आधी. बाबांनी तिथल्या तिथं त्याचं नाव, गाव, जात, नोकरी विचारून घेतली. म्हणजे मी बैलगाडीत निजलेलो आणि माझा बाप माझ्याच शर्यतीत जावई पसंत करतोय! घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, "पुन्हा शर्यतीचं नाव काढशीन, तर सायकल विहिरीत टाकीन."

वैशाखात लग्न झालं, आणि पावसाळ्यात जवाईबापूंची तयारी आमच्या घरून सुरू झाली. त्यांचं म्हणणं, "साळेबुवा, शर्यत थंडीत जिंकत नसते. पावसाळ्यात पेरून ठेवा लागते." मी म्हणायचो, "मला काय सांगता, मला बंदी आहे." त्यावर ते हसायचे आणि बाबांकडे जाऊन साळसूदपणे म्हणायचे, "मामाजी, मले इकडची वाट ठाऊक नाई. साळेबुवाले सोबत धाडता का?" जावयाचा शब्द! बाबा लगेच ओरडत, "जाय ना रे! बसून काय राहिला?" म्हणजे पळण्याची बंदी बाबांचीच, आणि पळायला पाठवणारेही बाबाच. वाट त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती, हे सांगायला नको.

ती वाटही कशी, तर शेतातली. वऱ्हाडातली काळी माती पावसात पायाला धरते ती सोडत नाही. दहा पावलं टाकली की तळव्याला लोणच्याच्या बरणीएवढा गोळा. तो काडीनं खरवडायचा आणि पुढे पळायचं. मी मध्येच थांबून खरवडायचो, जवाईबापू शेवटपर्यंत थांबत नसत. "राहू दे ना चिकटून," ते म्हणायचे, "कोरड्या रस्त्यावर पाय आपोआप उडते." दिवाळीच्या सुमाराला वाटा वाळल्या आणि खरोखर पाय उडायला लागले. म्हणणं खरं निघालं याचाही मला रागच आला.

पण सगळ्यांत जास्त जळलो तो सायकलीवरून. रविवारी सकाळी बाबा अंगणात पोतं अंथरून जवाईबापूंची सायकल उलटी करत. चाकं काढायची, छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, साखळीला तेल सोडायचं, एकेक आरा वाजवून पाहायचा. माझी सायकल पलीकडे भिंतीला टेकलेली असायची. तिचं पॅडल गेले सहा महिने कुरकुर करत होतं. बाबांना यंत्राची कुरकुर अर्ध्या फर्लांगावरून ऐकू यायची, माझ्या सायकलची तेवढी यायची नाही. एकदा मी मुद्दाम ती त्यांच्या कानाशी फिरवली. "तुले हात नाई का?" म्हणाले.

दसऱ्याला तलावात पोहण्याची शर्यत झाली, जवाईबापू पहिले. कोजागिरीला बडनेऱ्यापर्यंत धावण्याची झाली, जवाईबापू पहिले. या लहान शर्यती म्हणजे तिहेरीची रंगीत तालीम. मी दोन्ही वेळा कडेला त्यांचा टॉवेल धरून उभा. बाबा शेजारी उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "आमचे जवाई." मी टॉवेल पिळत होतो. तो कोरडा होता, तरी पिळत होतो.

मग ताईचा दिवाळसण आला. पहिल्या दिवाळीला जावई रुसतो, हे काही मी सांगायला नको. पाटावर बसतो, ताटाला हात लावत नाही, आणि सासरा काय हवं ते देतो तेव्हा पहिला घास घेतो. आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या, कढी, वडे, सगळं. बाबांनी अंगठी करून ठेवलेली. गल्लीतल्या बायका दारात उभ्या. जवाईबापू पाटावर बसले आणि हाताची घडी घातली.

"मांगा जवाईबापू, काय पाहिजे?" बाबा म्हणाले.

"देसान का, मामाजी?"

"शब्द आहे माया."

"मंग मले तिहेरीत साळेबुवाची सोबत पाहिजे. एकट्याले करमत नाई."

बाबांचा चेहरा असा झाला, की अंगठीऐवजी फॅक्टरी मागितली असती तरी बरं वाटलं असतं. माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, मग म्हणाले, "बरं. जेवा आता." जवाईबापूंनी पोळी मोडली आणि माझ्याकडे पाहून डोळा मारला. बायका म्हणाल्या, काय बाई जावई, साळ्यासाठी रुसला! सगळ्यांचे डोळे ओले. मी मात्र ताडकन उठून बाहेर गेलो. अहो, मी वर्षभर जे मागत होतो, ते या माणसानं एका ताटावर बसून मिळवलं! माझी शर्यतसुद्धा मला त्यांच्याकडून आंदण मिळाली. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पण तो आनंद घशाखाली उतरत नव्हता.

मार्गशीर्षात तिहेरी झाली. तलावातून जवाईबापू माझ्या कितीतरी आधी बाहेर पडले. मूर्तिजापूरला लिंबूपाणी घेताना कळलं, की ते पुढे आहेत आणि संत्रं खात खात चाललेत. संत्रं! मी पाणी अर्धं टाकून निघालो. वारा समोरून होता. त्यांचं अंग भरलेलं, माझं काडीसारखं, वाऱ्याला मी कमी सापडायचो. बोरगावापुढे त्यांची पाठ दिसली. अकोल्याच्या वेशीवर आम्ही दोघांनी बरोबरच सायकली टाकल्या आणि पळायला लागलो.

"आला का?" ते हसत म्हणाले. "चाल मंग!"

पूल दिसला. पुलाच्या त्या टोकाला माणसांची गर्दी, आणि गर्दीच्या पुढे बाबा. त्यांच्या हातात झेंडूचा मोठा हार होता. बाबा, आणि हार! माझ्या बापानं आयुष्यात देवालासुद्धा स्वतः जाऊन हार आणला नव्हता. मी तो हार पाहिला आणि पुढचं मला काही आठवत नाही. काळ्या मातीनं जे काही दिलं असेल ते सगळं त्या पुलावर खर्च केलं. पहिला आलो. जवाईबापू माझ्यामागून, चार-पाच पावलांवर.

मी बाबांपुढे जाऊन उभा राहिलो. मान आपोआप खाली झाली. बाबांनी हार उचलला, मला खांद्याला धरून हलकेच बाजूला सारलं आणि मागे उभ्या असलेल्या जवाईबापूंच्या गळ्यात घातला. "शाब्बास, जवाईबापू!" चार लोकांत. मोठ्यानं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काहून उभा राहिला रे? पाणी पी."

व्यायामशाळेच्या मंडळींनी मला पटका बांधला. तो मी पोतेऱ्यासारखा काखेत मारून ताईच्या बिऱ्हाडी गेलो आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. संध्याकाळी जवाईबापू तेलाची वाटी घेऊन शेजारी येऊन बसले. हार अजून गळ्यात! माझा पाय ओढून मांडीवर घेतला आणि पोटरी चोळू लागले.

"तुम्ही मुद्दाम मागे राहिलात," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. त्यांना चिडलेलं मी त्या एकाच वेळी पाहिलं. "हे पाह्य, असं बोलायचं नाई. मी हारलो. जीव तोडून पळालो आणि हारलो. माया हारण्याले खोटं म्हणू नको."

"मग हार तुम्हाला कसा?"

"अबे येड्या, हार पाव्हण्याले घालतेत. मी लहानपणापासून जिथं गेलो तिथं पाव्हणा. मामाच्या घरी पाव्हणा, इथंबी पाव्हणा. मामाजीनं तुले म्हटलं, पाणी पी. मले कोणाच्या बापानं असं म्हटलं नाई आजवर." मग परत चोळायला लागले. "लय हेवा वाटते राजा तुया."

माझा हेवा! मला ते तेव्हा पटलं नाही. छान बोलले, डोळ्यांत पाणीही आलं माझ्या, पण मला हार पाहिजे होता. बोलणं गळ्यात घालून गल्लीत हिंडता येत नाही.

पुढे काही वर्षं ते आणि मी तिहेरीत बरोबर उतरत राहिलो. कधी ते पहिले, कधी मी. दर पावसाळ्यात आम्ही चिखल तुडवला आणि दर रविवारी बाबांनी त्यांची सायकल धुतली. मग भिलाईला नवा कारखाना उभा राहिला, तिथं कामगारांच्या पोरांसाठी शाळा निघाल्या, आणि जवाईबापूंना तिकडे नोकरी लागली. ताई, लेकरं, वळकट्या, पितळी डबे, सगळं घेऊन मंडळी बडनेरा स्टेशनावर आली. पाठोपाठ अख्खी व्यायामशाळा. हार, नारळ, फोटो, काय विचारू नका.

गाडी येऊन उभी राहिली. सामान चढलं, जवाईबापू दारात उभे राहिले. व्यायामशाळेच्या सेक्रेटरींनी मोठा हार बाबांच्या हातात दिला. "मामा, पयला मान तुमचा."

बाबांनी हार घेतला, जरा वेळ पाहिला आणि परत सेक्रेटरींच्या हातात दिला. "राहू द्या. घरच्या माणसाले हार काहून?" मग दाराशी जाऊन जवाईबापूंवर जे खेकसले! "मधल्या टेशनावर पाण्यासाठी उतरू नको. समजलं का? गाडी सुटते आन मंग पळत बसशीन. लेकराइले खिडकीत बसू देऊ नको." अहोजाहो कुठल्या कुठं गेलं. जन्मभर मला ज्या आवाजात बोलले, त्याच आवाजात.

तो धावताना हसणारा माणूस हसायचं विसरला. तोंड नुसतं उघडं राहिलं. गाडी हलली तेव्हा त्यांनी बाबांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या मोकळ्या गळ्यावरून हात फिरवला. एकदा, आणि परत एकदा. मला दाखवत होते. मी समजलो. दूध गेलं होतं, सायकल गेली होती, शाब्बास गेली होती, आणि आता ही शेवटची जागा, जी माझी आहे असं त्यांनीच मला सांगितलं होतं, तीही घेऊन माणूस भिलाईला निघाला होता. रडू आलं ते कशाचं, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

गाडी गेली. सेक्रेटरी हातातला हार घेऊन घोटाळत होते. माझ्याकडे आले, म्हणाले, "आता वाया काहून घालवायचा? तूच घाल गड्या, तूबी जिंकलाच आहे." आणि हार माझ्या डोक्यावर धरला.

मी त्यांचा हात धरून बाजूला केला. "मले नको," म्हणालो.

बाबा फाटकापर्यंत पोचले होते. मागे वळून ओरडले, "काहून उभा राहिला रे? चाल ना!"

मी पळत गेलो. ती हाक तरी त्या दिवशी माझ्या एकट्याची होती.