एकाच गोलाचं मैदान

हावड्याची गाडी मलकापूरला जेमतेम थांबायची. माय दशम्यांचं गाठोडं खिडकीतून आत ढकलत होती आणि आबा नुसते उभे होते. गाडी हलली तसे सोबत चालू लागले आणि म्हणाले, "एक हंगाम देतो तुले. मंग मी येऊन पाह्यतो. जमत नसन तं चाल घरी." आबा गावच्या जिनात, म्हणजे जिनिंग फॅक्टरीत, कापूस तोलायच्या काट्यावर होते. तिथे माझ्यासाठीही नोकरी बोलून ठेवली होती. मला मात्र फुटबॉलच खेळायचा होता.

महाराष्ट्र तेव्हा नवानवाच होता. गावातली पोरं मुंबईची वाट धरत, मी उलट्या दिशेला निघालो. मालधक्क्यावरच्या बंगाली बाबूंनी कलकत्त्यातल्या आपल्या जुन्या क्लबला माझं नाव सुचवलं होतं. चामड्याचा पहिला बॉलही आम्हाला त्यांनीच दिला होता.

गाववाल्यांनो, जिनाच्या पटांगणातला आमचा खेळ तुम्हाला आठवत असेल. एका टोकाला कापसाचे ढीग, तिकडे बॉल गेला की चौकीदार तो ठेवून घ्यायचा. म्हणून गोल एकच, दुसऱ्या टोकाला कापसाच्या दोन बांधलेल्या गाठींच्या मध्ये. दोन्ही टीम त्यातच मारायच्या. त्या धक्काबुक्कीत गोलाकडे पाठ असतानाही गर्रकन वळून मारायची सवय लागली, आणि कलकत्त्यात तीच कामाला आली. तिथे मला स्ट्रायकर केलं, पायांत बूट चढवले, पगार लावला. बुटांनी फोड आले, मेसमधल्या माशांच्या काट्यांनी रडवलं, पण मैदानावर उतरलो की मी भलताच खूश असायचो.

हंगाम सरता सरता आबा आले. स्वच्छ धोतर, टोपी, आणि पिशवीत मायनं दिलेला ठेचा. पहिल्या हाफात मी गोल मारला. आबांनी शेजारच्या अनोळखी बंगाल्याला मिठीच मारली म्हणे. मग बाजू बदलल्या. मी बॉल घेऊन सुटलो तोच सगळ्या गलक्यातून ओळखीचा आवाज आला, "अबे गज्या! गोल तिकडे हाये! इकडे काऊन पयून राह्यला?"

त्यांचंही खरंच होतं. आजवर काट्यावरून त्यांनी एकाच गोलाचा खेळ पाहिला होता. मला पळता पळता हसू फुटलं आणि बॉल गोलावरून पार बाहेर गेला. सामना आम्ही जिंकला, पण मला धास्ती होती. आबा म्हणणार, पोराला आपला गोल कोणता तेही कळत नाही, चल घरी.

मेसमध्ये मी त्यांना पाण्याचे ग्लास मांडून नियम समजावला. त्यांनी स्वतःच्या हातानं ग्लास इकडचे तिकडे करून पाहिले.

"म्हंजे अर्ध्यातून बाजू बदलते," ते म्हणाले, "पन टीम तेच राह्यते?"

"हाव, आबा."

"मंग राह्य इथंच. काट्यावरच्या नोकरीचं मी सांगतो मालकाले."

एवढं बोलून त्यांनी ठेच्याची डबी उघडली आणि मेसमधल्या सगळ्या बंगाली पोरांना तो वाढला. पोरं डोळे पुसत हसत होती. मला तर ठेचा न खाताच रडू आलं, आणि इतका आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे.

पुढे मी पुष्कळ वर्षं खेळलो. इथेच कलकत्त्यात संसार थाटला. आता मीही माशाचे काटे न बघता काढतो आणि स्वप्नात बंगालीत भांडतो. तुमच्यातले जे माझ्यासारखे दूर गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पहिल्यांदा सुटीवर गावी गेलो तेव्हा बॅग ठेवू न देता आबा मला जिनात घेऊन गेले. मालकाच्या मागे लागून त्यांनी कापसाचे ढीग बाजूला हलवायला लावले होते. मोकळ्या झालेल्या टोकाला आणखी दोन गाठी उभ्या होत्या. पोरं दोन्हीकडे पळत होती, आणि आबा काट्यावरून ओरडत होते, "बदला बे बाजू, अर्धा खेळ झाला!"