चिठ्ठीवरची दुसरी गोळी

दोन दवाखान्यांच्या मधला निरोप्या मी होतो, आणि वाईट निरोप्या होतो. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे मी दुसऱ्यांवर चिडणार आहे.

माझा मोठा भाऊ पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. रंगवणारे पुष्कळ असतात, डोळे लिहिणारे दोन-तीनच. दादा श्वास रोखून ब्रश टेकवायचा आणि बुबुळ एका फटक्यात उतरायचं.

तीन वर्षांपूर्वी त्याला वाटू लागलं की लोक त्याच्याबद्दल कुजबुजतात. जेवणात काहीतरी घातलंय म्हणून तो ताट सरकवायचा. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्याने रोह्याला पाठवलं. तिथे महिन्यातून एकदा मानसोपचाराचे डॉक्टर यायचे. त्यांनी दोन गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "गोळ्या तुमच्याच दवाखान्यातून घेत जा. तीन महिन्यांनी दाखवा." मला बरं वाटलं. वडखळ, नागोठणे करत एसटीने जायचं म्हणजे माझी रजा जात होती.

आमच्या दवाखान्यातल्या खिडकीवरच्या माणसाने मोठी गोळी दिली. चिठ्ठीवरच्या दुसरीवर बोट ठेवून म्हणाला, "ही आपल्याकडं येत नाय. साधी हाय, जोडीला देतात. नाय घेतली तरी चालतं." मी मान डोलावली. मेडिकलचं दुकान रस्त्यापलीकडे होतं. मी रस्ता ओलांडला नाही.

दादा जेवायला लागला, बोलायला लागला. मग त्याचा हात थरथरू लागला. कारखान्यातले म्हणायचे, "काय दादा, बाप्पाला काय भूकंपात बसवलंस?" तोही हसायचा. घरी मात्र हात मांडीखाली दाबून बसायचा.

थरथरीचं सांगायला गेलो तर आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी उघडलीसुद्धा नाही. "मानसोपचाराच्या औषधांना मी हात लावत नाही. रोह्याला विचारा." रोह्याला फोन केला. "डॉक्टर पुढच्या महिन्यात येतील." त्यांचा नंबर मागितला. "नंबर देत नाही आम्ही." दोघेही एकाच सरकारचे डॉक्टर, दोघांच्याही खिशात मोबाइल. एकाने दुसऱ्याला दोन मिनिटं विचारलं असतं तर काम झालं असतं. ते राहिलं माझ्यावर, ज्याला त्या गोळीचं नावही धड वाचता येत नव्हतं. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

आषाढ संपत आला होता. दादा म्हणाला, "गणपतीपुरत्या गोळ्या बंद ठेवू काय रे? डोळे झाले की परत चालू करू."

"ठेव," मी म्हणालो.

हाताची थरथर थांबली खरी. रोह्याची तारीख आली तेव्हा मी त्याला नेलं नाही. हात बरा होता, रजा कशाला घालवायची?

एका दुपारी कारखान्याच्या मालकांचा फोन आला. जाऊन बघतो तर आखणी झालेल्या मूर्ती दादा एकेक करून भिंतीकडे तोंड करून ठेवत होता. बोटांना ओला रंग लागलेला. "बघतायत रे सगळे," तो मला म्हणाला. "मीच लिवले डोळे, आन् माझ्याकडंच बघतायत." या वेळी कोणी हसलं नाही.

दादाला तपासून बाहेर बसवल्यावर रोह्याच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "छोटी गोळी कधी बंद केलीत?"

"ती सुरूच नव्हती."

"अहो, हात थरथरू नये म्हणूनच तर ती लिहिली होती!"

"मग तसं लिहायचं ना चिठ्ठीवर, मराठीत!" मी ओरडलो.

"बाहेरची रांग बघितलीत का?" ते म्हणाले. रांग दारापासून रस्त्यापर्यंत होती. मला त्या रांगेचाही राग आला.

आता दादा दोन्ही गोळ्या घेतो. छोटी आम्ही विकत आणतो. हात स्थिर आहे, पण मालक डोळे देत नाहीत. उंदीर आणि पाट रंगवायला देतात. "हात म्हातारा झाला माझा," दादा म्हणायचा, आणि मी त्याला दोन वर्षं तसं म्हणू दिलं.

गेल्या महिन्यात रोह्याहून येताना, एसटीत, नागोठण्याच्या पुढे मी त्याला छोट्या गोळीचं सगळं सांगितलं.

"तुला म्हाईत व्हतं?"

"नंतर कळलं."

"नंतर म्हंजे कधी?"

"तू मूर्ती फिरवल्यास, त्याच महिन्यात."

वडखळ आल्यावर त्याने हात पुढे केला. म्हणाला, "चिठ्ठी दे हिकडं."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीशी तो माझ्या पुढे उभा होता. आतून तेच उत्तर आलं, "छोटी नाय आली." दादाने चिठ्ठी आत सरकवली. "मग नाय म्हनून लिवून द्या, सही करा. आन् ही गोळी कशासाठी असते तेपन लिवा. मराठीत."

मागचे कुरकुरायला लागले. आतला माणूस माझ्याकडे बघू लागला, कारण इतकी वर्षं बोलणारा मी होतो. मी सवयीने पुढे झालो.

"तू गप," दादा मागे न बघता म्हणाला. "तू बोललास तेवढं पुरे झालं."

मी रांगेत मागे सरकलो.