उचकी तात्या

उचकी तात्यांचा उजवा हात कधी स्वस्थ बसला नाही. संस्थेच्या बैठकीत सगळे मांडी घालून ऐकत असायचे आणि तात्यांचं मनगट गुडघ्यावर मधूनच हलकेच उडायचं, थांबायचं, पुन्हा उडायचं. नवख्याला वाटावं, म्हाताऱ्याला वाताचा त्रास आहे. वडवणीकडच्या आमच्या तळ्यावर ज्यांनी त्यांना पाहिलं होतं, त्यांना ठाऊक असायचं की तात्या बैठकीत नाहीतच, ते तिकडे पाण्यात गळ खेळवतायत.

आमच्या मच्छीमार संस्थेचा मी सचिव होतो, म्हणजे सभासदांत मला चार अक्षरं जास्त येत होती. प्रत्येकाकडे जाळं होतं, तात्यांकडे नव्हतं. "जाळ्याला डोळे न्हाईत. लहान, म्होटं, अंड्यावरलं, समदं एकाच पोत्यात," असं ते म्हणायचे. त्यांचा सगळा संसार एका तंबाखूच्या डबीत मावायचा. जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून गळाच्या मानेवर हरभऱ्याएवढं डोकं ओतायचं आणि खाली शेळीच्या केसांचा झुबका बांधायचा, एवढंच. ना गांडूळ, ना बेडूक. बाहेर बघितलं तर हसू यावं असं ते ध्यान, पण तंगुसाच्या दोऱ्याला बांधून तात्यांनी पाण्यात सोडलं की त्यात जीव यायचा.

"गळ वढायचा न्हाई. त्याला उचकी लागू द्यायची," हे त्यांचं सांगणं. तळाला टेकवायचा, वीतभर उडवायचा आणि पडू द्यायचा. मरळ, आमच्या तळ्यातला शिकारी मासा, झडप घालते ती गळ पडत असताना. "उचकी लागली की माणूस म्हणतो, कोण आठवण काढतंय बरं? मरळीलाबी तसंच वाटतं. बघाया येती बिचारी." गावाने त्यांना नाव दिलं ते यावरून.

चांगल्या हवेत कुणीही मासा धरतो, असं त्यांचं मत होतं. वारा सुटला की बाकीचे घरची वाट धरायचे आणि तात्या डबीतलं जड शिसं काढायचे. "हलकं टाकलं तर वाराच गळ खेळवतो, तू न्हाई." गढूळ पाण्यात काळे केस, निवळ पाण्यात पांढरे. थंडीत एका उचकीनंतर दुसरी देण्याआधी त्यांची अर्धी बिडी संपायची. चैत्राच्या झळांत माझी घाई बघून एकदा म्हणाले, "सचिव, उन्हात म्हशीला पळवतो का कुणी? गळ मरळीच्या तोंडाम्होरं नेऊन ठिव आन गप बस." गप बसणं मी त्यांच्याकडून शिकलो, असा माझा समज होता.

मग दुष्काळाचं ते वर्ष आलं. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या तेव्हा अकरा घरांना मी थांबवलं होतं. पाणी आटतंय, मासा एका जागी येईल, जाळ्याला काम मिळेल, लेकरं घेऊन कशाला कोयते धरायला जाता, हे शहाणपण माझंच. तळं कमरेएवढं उरलं आणि जाळ्यात बोटभर चिलापीशिवाय काही येईना. मरळ गेली कुठे, कुणालाच कळेना.

ते तात्यांना माहीत होतं आणि मला. तळं होण्याआधी तिथे तात्यांच्या वडिलांचं शेत होतं आणि शेतात विहीर. निम्मी गाळानं भरली तरी ती तळाशी अजून होती. तोंडाशी बाभळीची खोडं असल्याने जाळं आत जायचं नाही, वरून सरकून जायचं. ऊन तापलं की मरळी तिच्यात उतरायच्या. तात्यांनी एकदा मला पाण्यात तिच्या काठावर उभं करून नुसतं शिसं बांधलेला तंगूस सोडायला लावला. शिसं खाली जातच राहिलं. "हितं पाऊस येस्तोवर गळ टाकायचा न्हाई," ते म्हणाले. "हे बियाणं हाय. मिरगाला ह्या वर येतील, पिलांचा लाल गोळा घेऊन फिरतील. बियाणंच भाजून खाल्लं तर पेरायचं काय?" कुणाला सांगू नकोस, असं काही ते बोलले नाहीत. तशी गरज त्यांना वाटली नसावी.

लेक आजारी म्हणून तात्या घाटनांदूरला गेले आणि इकडे बैठक झाली. थांबलेल्या घरांपैकी एक सखाहरीचं. तो खाली बघत म्हणाला, "सचिव, तुमच्या शबदावर थांबलो आमी. आता मुकादमबी घेत न्हाई. लेकरांनी काय चिखल खावा?" तो ओरडला असता तर मीही ओरडलो असतो. मी विहीर सांगून टाकली.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, कारण जाळी आत जाईनात. मग मी स्वतः शिसं वितळवलं, शेळीचे केस बांधले आणि उचकी कशी द्यायची ते शिकवलं. उन्हात घाई करू नका, हेही सांगितलं. तात्यांची सगळी विद्या मी वाटली, फक्त कुठे थांबायचं ते सोडून. आठ दिवस वडवणीच्या बाजारात हातहातभर मरळी गेल्या. अकरा घरं मला दुवा देत होती आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

तात्या परतले त्याच सकाळी मला घेऊन विहिरीवर गेले. मरळीला हवेत दम घ्यायला वर यावंच लागतं; एकही येईना, तेव्हा त्यांनी गळ सोडला. उचकी दिली, थांबले, पुन्हा दिली. शेवटी गळ अडकला. अलगद ओढला तर बाभळीच्या मुळीत तुटून राहिलेला दुसराच गळ त्याच्यासोबत वर आला. तात्यांनी तो तळहातावर घेतला. केसांवर दोन गाठी मारायला त्यांनी शिकवलं होतं. मी भरवसा नसल्यासारखी नेहमी तिसरी मारायचो.

"चांगली बांधलीस," ते म्हणाले. "सुटली न्हाई."

"अकरा घरं होती, तात्या. मीच थांबवलं होतं त्यांना."

"मग मला कावून न्हाई इचारलं? मीच काढून दिल्या असत्या. दोन जोड्या तेवढ्या ठिवल्या असत्या मागं."

एवढंच. ते भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांचं मनगट तेव्हा अजिबात हलत नव्हतं, हे मला घरी आल्यावर आठवलं.

पुढच्या वर्षी तळं भरलं. संस्थेने कटला-रोहूचं बीज आणून सोडलं, जाळी पुन्हा जड झाली आणि मरळीचं नाव कुणी काढेना. तात्या मात्र मृगात रोज तळ्याच्या भिंतीवर बसून पाण्यात लाल गोळा शोधायचे. दोन पावसाळे शोधला. मग नजर गेली आणि लेकीने त्यांना घाटनांदूरला नेलं. एसटीत चढताना म्हणाले, "मिरगाला बघत जा. दिसला तर सांगावा धाड."

मी दर मृगात बघितलं. दिसला नाही. चौथ्या वर्षी कळलं की तात्यांनी अन्न सोडलंय. सखाहरी त्यांना भेटायला निघाला होता. त्याच्याजवळ मी सांगावा दिला की विहिरीच्या अंगाला लाल गोळा दिसलाय, चांगला ताटाएवढा. खोटं मी आयुष्यात पुष्कळ बोललो असेन, पण इतकं जड एकही नव्हतं.

तात्यांना माती देऊनच सखाहरी परतला. सांगावा ऐकल्यावर त्यांचा हात गोधडीवर दोनदा हलका उडाला होता म्हणे. मग म्हणाले, "त्याला म्हणावं, तिथं गळ टाकू नगं."

मी टाकत नाही.